‘मनातलंच तोंडात आलं ना?’

लातूर भागातल्या डायलिसिसवरच्या पेशंटच्या घरच्यांशी बोलताना एक शंका हमखास निघते: आजारपणात माणूस जे बरळला, ते त्याच्या मनातलंच असणार ना?

एका सुनेनं तर सासऱ्यांशी बोलणंच टाकलं होतं. त्यांना जंतुसंसर्ग झाला, सेफेपाइम या अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू झाली. चार-पाच दिवसांत हातांना झटके, चादर ओढणं, आणि हिच्याकडे बोट दाखवून, "हिनं भाकरीत विष घातलंय." डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, काढला, औषध बदललं, जादा डायलिसिस केलं. दोन-तीन दिवसांत आबा भानावर आले. त्यांना काहीच आठवेना. ही मात्र एक शब्द विसरली नव्हती.

मी कारण सांगितलं. हे औषध बहुतांश लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी निकामी असली की ते रक्तात साचतं, मेंदूवर चढतं. म्हणून डोस कमी करावा लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ मध्येच तसा इशारा दिला आहे.

"पर मॅडम, मनात असल्याबिगर तोंडात येतंय व्हय?"

नुसत्या माहितीनं मनातली गाठ सुटत नाही, असं मी कायम मानत आले आहे. विचारलं, "आणखी काय बोलायचे?"

"बैलांला पाणी दाखवा म्हणूलालते. बैल तर कवाच इकले. नर्सला आई म्हणूलालते."

"मग ती नर्स त्यांची आई?"

"न्हाई की."

"मग सगळ्या बडबडीतलं तुमचं तेवढं खरं कसं?"

बराच वेळ ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "अळणी जेवण मीच वाढते. पाणी मीच मोजून देते. मला वाटलं, त्याचाच राग."

इथंच मला धागा सापडला. वाक्य आबांचं होतं. त्याला अर्थ चिकटवला होता तिच्या रोजच्या अपराधीपणानं. पुढची सगळी बोलणी पथ्याच्या त्या अळणी ताटाबद्दलच झाली. आता ती आबांशी बोलते.

घरच्यांनी एवढं करावं. कुठल्याही दवाखान्यात आधी किडनीचा आजार सांगावा, फाईल दाखवावी. नवीन अँटिबायोटिकनंतर गोंधळ, झटके, गुंगी, बोलण्यात अडखळणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. साखर घटणं, पक्षाघात, खुद्द संसर्ग, यांनीही असं होतं, त्यामुळे औषध मनानं बंद करू नये. आणि पेशंट बरा झाल्यावर त्याचं ते बोलणं पाहुण्यांसमोर उगाळू नये.