नदीकाठी राहून पाण्याची वाट

प्रश्न: बदली होऊन इचलकरंजीला येतोय. गाव पंचगंगेच्या काठी, तरी नळाला रोज पाणी नाही असं ऐकतो. असं का? आणि हे गाव मागांचं झालं कसं?

उत्तर: आधी मागांचं सांगते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. गाव तेव्हा घोरपड्यांच्या जहागिरीतलं. जहागीरदार नारायणराव बाबासाहेबांचं उद्योगांना पाठबळ होतं. पुढे माग घराघरांत शिरले, हे या गावाचं खरं वेगळेपण.

आमच्या सोप्यात चार माग होते. वडील खर्चीवर विणायचे. सूत व्यापाऱ्याचं, माग नि मेहनत आमची, हातात मजुरी तेवढी. सायझिंगहून, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यातून, ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ, बीम, हातगाडीवरून यायचं, त्याचा ओलसर आंबूस वास घरभर पसरायचा. आई कांड्या भरायची, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. ही कांडी धोट्यात बसते, आणि धोटा मागावर इकडून तिकडे धावत आडवा धागा टाकतो. धोट्यातली कांडी संपली की वडील माग थांबवून नवी घालायचे आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून तार ओढून घ्यायचे. दिवसातून कितीदा, कोण मोजणार? कापसाची तूस छातीत जायची. रात्री जेवताना त्यांचा खोकला थांबत नसे. कापडाच्या ताग्याकडे बघताना मला अजून तो खोकला ऐकू येतो.

आता पाणी. माझ्या लहानपणी आम्ही घाटावर धुणं घेऊन जायचो, पोहायला तिथेच शिकलो. त्याच नदीत कोल्हापूरसारख्या वरच्या गावांचं सांडपाणी येतं, आणि आमचं स्वतःचंही. कापड रंगवल्यावरचं पाणी आमच्याच गावातलं, म्हणून दोष एकट्या कोल्हापूरला देणं मला पटत नाही. उन्हाळ्यात धार आटली की पात्रावर जलपर्णी पसरते. 2012 मध्ये काविळीची साथ आली, घरं उद्ध्वस्त झाली. पिण्यासाठी कृष्णेचं पाणी तिच्या काठच्या मजरेवाडी गावाहून जलवाहिनीने आणावं लागतं. तिला गळती लागली की नळाची पाळी लांबते. पावसाळ्यात मात्र हीच पंचगंगा घरात शिरते, 2019 ला शिरली तशी.

येताना मोठं पिंप घेऊन या. खोली घेण्याआधी शेजारच्या बाईला विचारा, पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं. घरमालकापेक्षा तिचं उत्तर खरं असेल. आणि एखाद्या मागवाल्याकडे जाऊन धोट्यात कांडी कशी घालतात ते जवळून बघा. कोणी नाही म्हणणार नाही, चहाही मिळेल.