विमान भरलेलं दिसतंय, म्हणून रायनएअरचा शेअर घ्यावा का?

प्रश्न: आम्ही दोघं डब्लिनमध्ये नोकरी करतो, दोघांचेही पासपोर्ट भारतीय. पत्नी विमानं भाड्याने देणाऱ्या कंपनीत आहे. दोन वर्षांत चार लाख युरोपर्यंतचं जुनं घर घ्यायचंय आणि डिपॉझिटसाठी ४०,००० युरो साठलेत. रायनएअर या स्वस्त भाड्याच्या आयरिश कंपनीचं विमान कधीही बघा, भरलेलंच असतं. यातले २५,००० त्या शेअरमध्ये घालावेत का?

उत्तर: कंपनी तगडी आहे, पण हे पैसे तिथे घालायचे नाहीत.

आधी विमान भरलेलं असण्याबद्दल. रायनएअर साधारण ९४ टक्के सीट भरते, कारण भरेपर्यंत भाडं खाली आणायचं हीच तिची पद्धत आहे. त्यामुळे धंदा मंदावला तरी तुम्हाला रिकाम्या सीट दिसणार नाहीत. तो मंदावल्याचं कळतं सरासरी भाड्यावरून. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात १८.३७ कोटी प्रवासी होते आणि नफा १९२ कोटी युरो. पुढच्या वर्षी प्रवासी वाढून २०.०२ कोटींवर गेले आणि नफा मात्र १६१ कोटींवर उतरला, कारण सरासरी भाडं ७ टक्क्यांनी घसरून सुमारे ४६ युरो झालं होतं.

या १६१ कोटींना प्रवाशांच्या संख्येने भागा. माणशी जेमतेम ८ युरो उरतात. याच वर्षी बॅग, सीट निवडणं, विमानातलं खाणंपिणं अशा जोड-विक्रीतून माणशी साडेतेवीस युरोच्या आसपास आले होते, म्हणजे नुसत्या तिकिटावर खर्चही निघत नाही. भाडं सरासरी एका युरोने हललं की करापूर्वीच्या नफ्यात २० कोटींचा फरक पडतो. एप्रिल ते सप्टेंबर २०२५ मध्ये भाडी १३ टक्क्यांनी वर गेली, तेव्हा सहामाही नफा ४२ टक्क्यांनी वाढून २५४ कोटींवर पोचला. दोन्ही दिशांना असाच झोका बसतो. शिवाय कमाई उन्हाळ्याची. मार्च २०२५ च्या वर्षात पहिल्या सहामाहीचा नफा १७९ कोटी होता आणि वर्षअखेर १६१. हिवाळ्याने १८ कोटी खाल्ले. नोव्हेंबरचा सहामाही निकाल वाचून हुरळून शेअर घेणारे नेमके इथे फसतात.

वाढीचा वेगही पूर्णपणे कंपनीच्या हातात नाही. ताफा जवळपास सगळा बोइंग ७३७ चा. बोइंगची डिलिव्हरी लांबली म्हणून २०.५ कोटी प्रवाशांचं लक्ष्य २० कोटींच्या आसपास आणावं लागलं. आता भिस्त आहे बोइंगच्याच २२८ सीटच्या नव्या मॅक्स-१० विमानावर. ३०० विमानांची ऑर्डर, त्यातली १५० पक्की, आणि पहिली विमानं २०२७ मध्ये मिळायची आहेत.

आता तुमचा हिशोब. २२ जुलै २०२४ ला तिमाही नफा ४६ टक्क्यांनी घटल्याचं जाहीर झालं आणि शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के आपटला. तुमच्या २५,००० वर ते ४,२५० युरो होतात. चार लाखांच्या घराची १ टक्का स्टॅम्प ड्यूटी ४,०००, म्हणजे तेवढी रक्कम एका सकाळीच गेली असती. १० टक्के डिपॉझिटला तुमचे ४०,००० पुरतात, पण त्यावर ही ड्यूटी आणि सॉलिसिटरची, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाची, फी अजून जमवायचीच आहे.

कराची बाजूही एकतर्फी आहे. आयरिश शेअर घेतानाच १ टक्का स्टॅम्प ड्यूटी, इथे २५०. शेअर ३० टक्के वाढून विकला तर २५० वजा जाता नफा ७,२५०. त्यातले १,२७० माफ, उरलेल्या ५,९८० वर ३३ टक्के भांडवली नफा कर, म्हणजे सुमारे १,९७३. हातात ५,२७७. आणि ३० टक्के पडला तर ७,७५० चा पूर्ण फटका. तो तोटा पुढच्या भांडवली नफ्यातून वळता होतो, पण असा नफा झालाच तर. लाभांशातून २५ टक्के आधीच कापले जातात, आणि तुम्ही वरच्या कर-टप्प्यात असाल तर बाकीचा कर रिटर्नमध्ये भरावा लागतो.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो पत्नीचा पगार. कोविडच्या वर्षात रायनएअरचे प्रवासी १४.८६ कोटींवरून २.७५ कोटींवर आले, आणि विमानं भाड्याने देणाऱ्यांनाही विमान कंपन्यांकडचं भाडं वसूल करणं जड गेलं. शेअर पडलेला आणि नोकरी डळमळीत, नेमक्या त्याच वेळी बँक गृहकर्जासाठी पगाराची स्लिप मागणार.

पासपोर्टचा मुद्दाही आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार विमान कंपनीची मालकी बहुतांशी तिथल्या नागरिकांकडे लागते. म्हणून २००२ पासून आपल्यासारख्यांना रायनएअरचे साधे शेअर घेता येत नव्हते, त्याऐवजी अमेरिकेतली डिपॉझिटरी रिसीट, म्हणजे त्या शेअरच्या बदल्यात तिथल्या बाजारात विकली जाणारी पावती, घ्यावी लागायची. मार्च २०२५ मध्ये खरेदी खुली झाली, पण अशा शेअरवर कंपनीच्या सभेत मत देता येत नाही, हे बंधन राहिलं.

४०,००० मुदत ठेवीत ठेवा. व्याजावर ३३ टक्के कापले जातात. अॅन पोस्टच्या, म्हणजे आयरिश टपाल खात्याच्या, स्टेट सेव्हिंग्ज या सरकारी बचत योजनांवर तो कर नाही, पण मुदतीआधी मोडलं तर परतावा घटतो, तेव्हा घराची तारीख आणि मुदत जुळते का ते आधी बघा. शेअरची हौस असेलच तर पगारातून महिना १०० युरो बाजूला काढा, आणि तेही घराची किल्ली हातात आल्यावर. विकून नफा झाला तर जानेवारी ते नोव्हेंबरमधल्या विक्रीचा कर १५ डिसेंबरपर्यंत भरायचा. पुढच्या वर्षीच्या रिटर्नची वाट बघत बसलात तर व्याज लागेल.