ग्रेट वेस्टर्नची पॅनिअर टाकीची इंजिने वेगवेगळी कशी ओळखावीत?

ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेची पॅनिअर टाकीची वाफेची इंजिने छायाचित्रांत सगळी एकसारखीच दिसतात, मग त्यांचे वर्ग ओळखायचे कसे, असे आपण विचारले आहे. सारखेपणा खराच आहे. सहा चाके, आणि लमाणांच्या बैलावर दोन्ही अंगांना गोण्या लादाव्यात तशा बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, ही ठेवण सर्वांचीच आहे. त्यामुळे मी आधी बॉयलरची पाठ पाहतो.

धुराडे आणि चालकाची केबिन यांच्या दरम्यान घुमट (बॉयलरच्या पाठीवरचा, वाफ गोळा होणारा गोल उंचवटा) दिसला नाही, तर ते बहुधा या रेल्वेचे मुख्य अभियंते हॉक्सवर्थ यांचे १९४७ पासूनचे ९४०० किंवा १९४९ चे १५०० वर्गाचे इंजिन असते, कारण या दोन्ही वर्गांचा बॉयलर निमुळता आणि बिनघुमटाचा आहे. त्यांतला १५०० वर्ग तर लांबूनही ओळखू येतो, कारण त्याचे सिलिंडर बाहेर आहेत आणि चाकांजवळचे दांडे उघड्यावर हलताना दिसतात. असे दहाच इंजिन बनले. त्यांतले १५०१ आज सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर आहे.

घुमट असेल, तर सर्वांत जास्त शक्यता हॉक्सवर्थ यांच्या आधीचे मुख्य अभियंते कोलेट यांच्या ५७०० वर्गाची, कारण १९२९ ते १९५० या काळात त्याची तब्बल ८६३ इंजिने बनली. इंजिनाच्या क्रमांकातल्या पहिल्या दोन आकड्यांवर विसंबू नये, कारण ३६००, ४६००, ७७०० आणि ९६०० या मालिकाही याच वर्गाच्या आहेत. मला सर्वांत आवडणारी खूण याच वर्गात आहे. ८७४९ च्या केबिनला पुढच्या बाजूला वाटोळ्या खिडक्या आहेत; पुढचाच क्रमांक असलेल्या, १९३३ च्या ८७५० ला मात्र मोठ्या, जवळजवळ चौकोनी खिडक्या आणि उंच छप्पर आहे. क्रमांकात फरक एकाचाच, पण चेहरा निराळा!

घुमटवाल्यांत चाके ठळकपणे मोठी वाटली, तर १९३१ चा ५४०० वर्ग तपासावा. त्याची चाके ५ फूट २ इंचांची, तर ५७०० ची ४ फूट साडेसात इंचांची. उलट १६०० वर्गाची चाके अवघी ४ फूट दीड इंचाची आहेत. खरा पेच ६४०० आणि ७४०० यांचा, कारण दोघांची चाके सारखीच. फरक असा की, चालकाने डब्याच्या टोकाला बसून मागून ढकलणारे इंजिन चालवावे अशी सोय ६४०० ला होती, ७४०० ला नव्हती. म्हणून बफर बसवलेल्या आडव्या तुळईवर त्या सोयीच्या जादा जोडण्या दिसतात का, ते बारकाईने पाहावे.