अमेरिकेतले बंदूकमालक फक्त एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन) या देशव्यापी संघटनेच्या जिवावर संघटित होतात का?

नाही, खरा जोर स्थानिक माणसांचा असतो. व्हर्जिनिया राज्यच बघा. 2019 च्या निवडणुकीत विधिमंडळ डेमोक्रॅट पक्षाकडे गेलं, बंदुकांवर निर्बंध येणार हे दिसलं आणि लोकांनी काउंटी (जिल्ह्यासारखा स्थानिक विभाग) मंडळांच्या बैठका गाठल्या. छातीवर नारिंगी गोल स्टिकर, सभागृहात उभं राहायला जागा नाही. शंभरहून जास्त काउंट्या-शहरांनी बंदूकमालकांच्या बाजूने ठराव केले. मग 20 जानेवारी 2020 ला राज्याची राजधानी रिचमंडमध्ये सुमारे 22 हजार लोक जमले; हाक राज्यातल्याच व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग या बंदूकमालकांच्या संघटनेची होती. असॉल्ट रायफलबंदीचं विधेयक राज्याच्या सिनेटच्या समितीत अडलं, तेही चार डेमोक्रॅट सदस्यांच्या मतांमुळे. भरलेल्या सभागृहाचा धाक असा असतो. मात्र बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणी आणि 'रेड फ्लॅग' (धोकादायक वाटणाऱ्या माणसाच्या बंदुका कोर्टाच्या आदेशाने काही काळ काढून घेणारे) कायदे त्याच वर्षी मंजूर झाले; ते रोखणं ठरावांच्या हातात नव्हतं.