बाल्डर्स गेट ३ संपवला, माझा पहिलाच आरपीजी (आपलं पात्र बनवून गोष्ट खेळायचा गेम). आता पुढचा कोणता खेळू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की बाल्डर्स गेट ३ मित्राच्या पीसीवर, एक्सप्लोरर मोडला, म्हणजे त्यातल्या सगळ्यात सोप्या पातळीवर, संपवला, स्वतःच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, इंग्रजी वाचायला जरा वेळ लागतो, आणि जो तो सांगतोय की आधी १ आणि २ खेळ मग पुढचं बोल. आणि सगळ्यात शेवटी विचारलंय की ईझीवर खेळलेला गेम धरतात का. त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलेय. नावं सांगणारे तुम्हाला ढीगभर मिळतील.

तरी नावं आधी देऊन टाकते. शॅडोरन ड्रॅगनफॉल घ्या, डिरेक्टर्स कट लिहिलेला. लॅपटॉप जरा बरा असेल तर डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २. बाल्डर्स गेट १ आत्ता अजिबात नको, कोणी कितीही सांगू दे. का नको, त्यासाठी आमच्या दादाचं सांगावं लागेल.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. आम्ही सगळे नाशिकचे, आत्या पंचवटीत राहते, आम्ही सिडकोत पवननगरला. भाऊबीजेला पप्पा ओवाळून घ्यायला आत्याकडे जायचे तेव्हा आम्ही सगळेच जायचो, आणि फराळ झाला की मोठी माणसं खाली आणि आम्ही पोरं वर दादाच्या खोलीत. त्याच्याकडे चांगला पीसी होता, तेव्हा आमच्या अख्ख्या नात्यात तेवढा एकच. मी त्याला आधी खेळताना बघितलं होतं, ते वरून दिसणारं जग, ती माणसांची टोळी, प्रत्येकाशी बोलायचं, काय बोलायचं ते आपण निवडायचं, मला ते इतकं आवडलं होतं की मी वर्षभर त्याच्यामागे लागले होते मला पण बसव म्हणून. तर त्या भाऊबीजेला त्याने बसवलं. बाल्डर्स गेट १. १९९८ चा गेम. म्हणाला, सुरुवात इथूनच करायची असते.

मी जादूगार घेतली. आता ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना कळेल की पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे काय असतं. चार हिट पॉइंट, म्हणजे एवढासा जीव, एखादं स्पेल, आणि ते वापरलं की झोपल्याशिवाय दुसरं नाही. त्यात दादा मला थॅको समजावतोय, म्हणजे आपला वार लागायला फासा किती पडायला हवा त्याचं गणित, आणि आर्मर क्लास, म्हणजे आपल्याला वार लागणं किती अवघड त्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला, शून्याच्या खाली गेला तर अजून चांगला. मी म्हटलं कमी चांगला कसा? तर म्हणे नियमच तसा आहे, पाठ कर.

सुरुवातीच्या कँडलकीपमधून बाहेर पडलो, पात्राला वाढवणारा गोरियन मेला, मैत्रीण इमोएन सोबत आली, आणि दादाच्या सांगण्यावरून थेट फ्रेंडली आर्म इन नावाच्या खाणावळीत. तिथे आत जायच्या पायऱ्यांवर टार्नेश नावाचा माणूस उभा असतो. गोड बोलतो, चौकशी करतो, तुम्हीच का ते वगैरे. मी अजून त्याचं वाक्य वाचतेय तोवर त्याने स्वतःच्या चार आकृत्या उभ्या केल्या, दुसऱ्या स्पेलला माझी माणसं घाबरून वाट्टेल तिकडे पळायला लागली, माझं कुठलंच क्लिक कोणी ऐकेना, आणि मग मॅजिक मिसाईल. ते चुकत नाही कधी, लागतंच. मेले. आणि या गेममध्ये तुमचं मुख्य पात्र मेलं की संपलं, बाकीचे जिवंत असले तरी. दादा खुर्चीच्या मागून ओरडतोय स्पेस दाब, स्पेस दाब, पॉज कर. परत लोड केलं, परत तेच. मी सेटिंगमध्ये जाऊन डिफिकल्टीचा स्लायडर खाली ओढायला लागले तर त्याने हातातला माऊस काढून घेतला. म्हणाला, ईझीवर खेळायचं तर मग पुस्तक वाच ना, गेम कशाला पाहिजे. ते पण ठीक होतं. पण खाली जेवायला बसलो तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, हिला गेम नकोच आहे, हिला नुसती गोष्ट पाहिजे, आणि त्यात मराठी मिडियम, एवढं इंग्रजी कुठे झेपणार हिला. मोठे हसले. मी ताटातली पुरी संपवली आणि परत वर गेले नाही.

बरीच वर्षं मी या प्रकाराच्या वाटेला गेले नाही.

मग नोकरी लागली, अंबडला एका कंपनीत डिस्पॅचला. शनिवारी सुट्टी, घरातले बाकी सगळे कामावर नाहीतर कॉलेजला, म्हणजे दिवसभर घर माझं. एम. जी. रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता कामापुरता, ग्राफिक्स कार्डाचा पत्ता नाही, तुमच्यासारखाच. सेलमध्ये ड्रॅगनफॉल स्वस्तात दिसला, चित्र बघून घेतला, त्याबद्दल काहीही माहीत नव्हतं, तो मालिकेतला कितवा तेही नाही.

आणि त्या गेमने मला पहिल्या शनिवारीच धरून ठेवलं. बर्लिन शहर, साल २०५४, जादू पण आहे आणि कॉम्प्युटर पण. तुम्ही एका छोट्या टोळीत नवीन आलेले असता. टोळीची प्रमुख मोनिका, तुमची जुनी ओळखीची, आणि पहिल्याच कामात ती मरते (सुरुवातच आहे, मजा जात नाही सांगितल्याने) आणि जबाबदारी तुमच्यावर येते. आता उरलेल्या माणसांत आयगर म्हणून एक आहे, माजी सैनिक, ट्रोल, आणि तिला तुम्ही प्रमुख म्हणून मान्य नाही. तोंडावर सांगते. आणि गेम तिला तुमच्या बाजूने करून देत नाही, तुम्हाला दर कामानंतर तिच्याशी जाऊन बोलावं लागतं, कधी ऐकून घ्यावं लागतं, कधी ठाम राहावं लागतं. मी बंदुकीत पॉइंट कमी टाकले आणि करिश्म्यात जास्त, कारण त्यात एटिकेट मिळतात, म्हणजे कंपनीतल्या माणसाशी कंपनीच्या भाषेत, सिक्युरिटीवाल्याशी त्याच्या भाषेत बोलता येतं आणि अख्खी मारामारी टळते. एका जागी गार्डला नुसतं बोलून बाजूला केलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक चक्कर मारून आले.

मोनिका का मेली ते शोधायला माहिती विकत घ्यायची असते, त्यासाठी पन्नास हजार नुयेन (तिथलं चलन) जमवायचे, म्हणून तुम्ही छोटी मोठी कामं घेता. त्यामुळे गेमला आपोआप एक शिस्त येते, एक काम, मग परत आपल्या मोहल्ल्यात, क्रॉयझबझारमध्ये, तिथे सगळ्यांशी बोला, सामान घ्या, पुढचं काम. नवीन माणसासाठी यापेक्षा चांगली रचना मी बघितलेली नाही. बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकात शहरात पोचल्यावर जसं होतं की कुठे जाऊ आणि काय आधी करू, तसं इथे होत नाही. लढाई टर्न-बेस्ड, आडोसा घ्या, ॲक्शन पॉइंट मोजा, तुमची पाळी असेपर्यंत समोरचा हलत नाही, एक वाक्य तीनदा वाचा कोणी घाई करत नाही.

मी तो ईझीवर संपवला. पूर्ण. आणि हे मी ठामपणे सांगते की तो खेळलेला गेम आहे. ड्रॅगनफॉलमध्ये लेव्हल वाढवायला कर्मा पॉइंट असतात ना, ते माणसं मारून मिळतच नाहीत, कामं पूर्ण करून मिळतात. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनीच ठरवलंय की कौतुक कशाचं करायचं. डिफिकल्टी बदलली की लढाईचे आकडे बदलतात, संवादातली एक ओळ बदलत नाही, तुम्ही कोणाला वाचवलं आणि कोणाला विकलं ते बदलत नाही. तुम्ही खेळलात तो एक्सप्लोरर मोड गेम बनवणाऱ्या लॅरियननेच दिलाय, कोणी चोरून आणलेला नाही. टोळीतल्या ॲस्टेरियनचं काय करायचं हा निर्णय अवघड टॅक्टिशियन मोडवाल्याला जितका जड गेला तितकाच तुम्हालाही गेला असेल. मग धरायचा नाही म्हणजे काय? कोण धरणार आहे, परीक्षा आहे का?

आता क्रमाचं. आधी १ आणि २ खेळ म्हणणाऱ्यांना विचारा की बाबा कशासाठी. ३ ची गोष्ट जुन्या दोन्हींनंतर शंभरहून जास्त वर्षांनी घडते, स्वतंत्र आहे. जाहिरा आणि मिन्स्क जुन्या गेममधले आहेत पण ते कोण हे ३ सांगतोच, तुम्हाला काही अडलं का खेळताना? आणि नियम तर उलटेच. तुम्ही पाचव्या आवृत्तीचे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) नियम शिकलात, तिथे आर्मर क्लास जास्त चांगला. जुन्या दोन्हीत दुसऱ्या आवृत्तीचे, तिथे कमी चांगला. शिवाय टर्न नाहीत, सगळे एकदम लढतात आणि तुम्ही मध्ये मध्ये पॉज करायचं. म्हणजे ३ वरून १ वर जाणारा माणूस शिकलेलं सगळं बाजूला ठेवून नव्याने सुरू करणार, चार हिट पॉइंटवर. याला पुढची पायरी कसं म्हणायचं?

हेच मी गेल्या गणपतीत दादाला सांगितलं. आता तो पुण्याला असतो, आयटीत. त्याचं म्हणणं अजून तेच, पाया पक्का पाहिजे. मी विचारलं तू २ संपवलास का? तर नाही. दर वेळी नवीन पात्र बनवतो, अथकाटला शहरापर्यंत येतो, तिथे वीस हजार सोनं जमवायचं असतं, त्यात शंभर कामं अंगावर येतात आणि मग सोडून देतो. पाया घालतोच आहे अजून. मी तोवर ड्रॅगनफॉल, त्याच्या पुढचा हाँगकाँग, डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ आणि पिलर्स ऑफ इटर्निटी शेवटपर्यंत खेळले होते, मराठी मिडियमच्या इंग्रजीवर, शेवटची लढाई, शेवटचा संवाद, सगळं. आत्या तिथेच मोदकांचं सारण करत होती, तिला यातलं काही कळत नाही पण ती म्हणाली, म्हणजे हिचं पूर्ण झालं आणि तुझं व्हायचंय. मला तेवढं पुरलं.

बरं, राहिलेलं भराभर सांगते. ड्रॅगनफॉलमध्ये आवाज नाहीत, हे आधीच सांगायला हवं होतं. बाल्डर्स गेट ३ मध्ये प्रत्येक माणूस बोलतो, इथे सगळं वाचायचं, सुरुवातीला शांत शांत वाटतं आणि मध्ये जर्मन शब्द आणि गल्लीतली बोली येते. ते शब्द सोडून द्या, अर्थ लागतो. वाचनाचा खरंच कंटाळा असेल तर मग ड्रॅगन एज ओरिजिन्स बघा, २००९ चा आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, बहुतेक सगळे बोलतात, आणि सहा वेगवेगळ्या सुरुवाती आहेत, बटू सरदार घेतलात तर पहिले काही तास पूर्ण वेगळे. तिथे पण पॉजवालीच लढाई आहे पण सगळ्यात सोप्या पातळीवर ती त्रास देत नाही. नवीन विंडोजवर मध्येच बंद पडतो, त्याचा मेमरीचा पॅच शोधून टाकावा लागतो.

डिस्को एलिझियम तुम्हाला सगळे सांगतील. ग्रेट आहे, लढाईच नाही, पण इंग्रजी अवघड आहे आणि पानंच्या पानं आहे, दोन गेम झाल्यावर घ्या. पाथफाइंडरवाले दोन्ही आत्ता नको, त्यात पात्र बनवतानाच ढीगभर क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, समोर येतात आणि त्यातल्या किंगमेकरमध्ये सुरुवातीलाच एका गुहेत कोळ्यांचा थवा आहे ज्याला तलवार लागत नाही. पिलर्स घेतलात तर सोनेरी नावाची जी माणसं दिसतील त्यांच्याशी बोलूच नका, ती गेमला पैसे देणाऱ्यांनी लिहिलेली आहेत, गोष्टीशी संबंध शून्य, मी पहिल्या गावात त्यांचं सगळं वाचत बसले होते.

आणि बाल्डर्स गेट १ वाईट नाहीये, रागाने लिहिलं म्हणून तसं वाटू देऊ नका. नंतर खेळायचाच असेल तर एन्हान्स्ड एडिशन घ्या, त्यात स्टोरी मोड आहे, टार्नेश काही करू शकत नाही.

डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ ला साधारण साठ जीबी जागा लागते, माझ्या लॅपटॉपवर सगळं लो करून चालला पण पंखा जोरात फिरतो, खाली काहीतरी ठेवून खेळा, गादीवर नको. त्यात प्रत्येकाला दोन चिलखतं असतात, एक अंगाच्या माराचं एक जादूचं, आणि ते संपल्याशिवाय समोरचा पडत पण नाही आणि गोठत पण नाही, म्हणून चौघांनी शक्यतो एकाच प्रकारचा मार द्यायचा. एक्सप्लोररवर सुरू करा. आणि पेट पाल हे टॅलेंट कोणातरी एकाला पहिल्याच स्क्रीनवर देऊन ठेवा, सुरुवातीच्या फोर्ट जॉयमध्ये एक कुत्रा त्याच्या मैत्रिणीबद्दल विचारत असतो, तो त्याशिवाय तुमच्याशी बोलणार नाही.