घराच्या दारं-खिडक्यांसाठी वनखात्याच्या डेपोतून थेट सागवान घेता येतं का? काय पाहावं?

घेता येतं, पण मुख्यतः लिलावातून. बल्लारशाह, आलापल्ली, परतवाडा इथल्या सागाला मोठे व्यापारीही बोली लावतात. आधी नोंदणी आणि बयाणा रक्कम भरा. त्या लिलावाच्या अटी पूर्ण वाचा. मुदती आणि दंड त्यातच असतात.

लिलावाआधी लॉट, म्हणजे एकत्र विकला जाणारा ओंडक्यांचा गट, डोळ्यांनी पाहाच. माल 'जसा आहे तसा' विकला जातो, नंतरची तक्रार चालत नाही. ओंडक्याची दोन्ही टोकं बघा: मधली पोकळी आणि आरपार भेग तिथेच दिसते. यादीतला नंबर ओंडक्यावरच्या नंबराशी जुळवा.

घनमीटर काढताना ओंडक्याच्या मधोमध मोजलेल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, सगळं मीटरमध्ये. १२० सेंमी घेर आणि ३ मीटर लांबी म्हणजे ०.२७ घनमीटर. एवढी फळी मात्र निघणार नाही. साल, सालीलगतचं पांढरं लाकूड आणि भुशात बराच माल जातो.

सर्वात मोठी बोली म्हणजे सौदा पक्का नव्हे, वनखात्याची मंजुरी लागते. हिशेब करताना बोलीवर जीएसटी धरा, नवखे नेमके इथे फसतात. पैसे थकले तर बयाणा जातो, माल पुन्हा विकला जातो.

वाहतूक परवान्याशिवाय गाडी हलवू नका. त्यावरची मुदत, मार्ग, गाडी नंबर तपासा. गाडी बिघडून मुदत संपली, तर पुढे न जाता जवळच्या वनाधिकाऱ्याला कळवा. परवाना आणि पावती घरकाम संपल्यावरही जपून ठेवा.