आमचे पाळक पूर्वी पहाटे प्रार्थनेला उठायचे, आता सतत फोन आणि प्लॉटच्या भानगडीत असतात. सेवकाची भक्ती अशी का आटते?

जय ख्रिस्त. तुमच्या पाळकांना मी ओळखत नाही. पण मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीचा पाळक आहे, १९ वर्षं सेवेत, आणि त्यातली चारेक वर्षं माझी अशीच गेली. म्हणून माझंच सांगतो.

पवित्र शास्त्रातला, मार्क ४ मधला पेरणाऱ्याचा दाखला आमच्या शेतकरी लोकांना समजावून सांगावा लागत नाही: बी म्हणजे देवाचं वचन, आणि काही बी काटेरी झुडपांत पडतं. तरी त्यातली एक गोष्ट इतके उपदेश करूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. प्रपंचाची चिंता, पैशाचा मोह आणि इतर हव्यास वचनाला दाबून टाकतात, तेव्हा ते ‘निष्फळ’ होतं, असं येशू म्हणतो. मेलं, असं म्हणत नाही. निंदण चुकलेली कपाशी पाहा. हिरवी असते, उंचही जाते, रस्त्यावरून पीक बरं वाटतं. आत शिरावं तर बोंडं मोजकीच.

मी तसा हिरवा होतो. एकही उपासना चुकली नाही. दारू नाही, बाकी काही लफडं नाही. फक्त म्हातारपणी छप्पर हवं म्हणून तालुक्याला एका प्लॉटचा इसार दिलेला, मंडळीच्या जागेचा वाद कोर्टात, त्याच्या तारखा मीच करायचो, आणि हातात मोबाईल. सगळी गरजेचीच कामं. कुरडूची भाजी होते, फूलही देखणं असतं, पण कपाशीत ती तणच. हळूहळू मी पवित्र शास्त्र उघडायचो ते रविवारच्या संदेशाला काही सापडतंय का बघायला. देव माझ्याशी बोलेल म्हणून उघडणं कधी थांबलं, कळलंच नाही. मंडळीतल्या माणसाची भक्ती आटली तर तो चर्चला येणं सोडतो, चारचौघांना दिसतं. पाळकाला यावंच लागतं, त्यामुळे त्याचं बरीच वर्षं झाकून राहतं.

एकदा ऐन वेचणीच्या दिवसांत एका घरी मयत झाली. सांत्वनाला गेलो. खिशात फोन थरथरत होता, प्लॉटवाल्या दलालाचा. मी प्रार्थना आटोपती घेतली. घरची म्हातारी म्हणाली, “पास्टर, तुमाले लय घाई हाये काय?” टोमणा नव्हता तो. चहा मांडायचा की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं. त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे प्लॉट सोडला, इसार बुडाला. कोर्टाच्या तारखा कमिटीतल्या दोघांकडे दिल्या, त्यांना कागदपत्रं माझ्यापेक्षा जास्त कळतात. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये प्रेषितांनी वाढपाचं काम सात जणांकडे सोपवलं ते प्रार्थनेला वेळ मिळावा म्हणूनच, पण मी मात्र सगळं स्वतःकडे ठेवण्यालाच सेवा समजत होतो. पहाटे साडेचार ते सहा फोन ज्वारीच्या डब्यात असतो. बायको हसते. कधीकधी मी तो पाचलाच काढतो, हेही खरं.

एक मात्र सांगतो, पाळकाने चार पैसे कमावले की तो जगाच्या मागे लागला, असं धरू नका. प्रेषित पौलही पोटासाठी तंबू शिवायचा. खेड्यातल्या मंडळीच्या मानधनात पोरांची फी भागत नाही. कुणी ठोक्याने दोन एकर वाहतो, कुणाची बायको शिलाई करते. आणि सगळा दोष मोबाईलवर ढकलणंही मला पटत नाही. पौलाचा सोबती देमास जगाच्या मोहापायी त्याला सोडून थेस्सलनीकाला गेला तेव्हा कुठे मोबाईल होते?

तुमच्या पाळकांची चर्चा फाटकाबाहेर करू नका. घरी जा आणि विचारा, तुमचं कोणतं काम मी घेऊ? माझ्याकडे असं विचारायला पहिला आला तो कमिटीतला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. त्याला मी चर्चचं लाइटबिल दिलं. अजून तोच भरतो.